सावरांक

सयाजी चौगुल्याला घरात कुणी काही सांगेनासं झालं, त्याला कारण त्याच्या डाव्या दंडावरची एक पट्टी होती. पोस्टाच्या तिकिटाएवढी, कातडीच्या रंगाची, आंघोळ केली तरी न निघणारी. ती लावून तो कोल्हापूरहून घरी आला त्या संध्याकाळीच त्याच्या बायकोनं, वैजयंतानं, फर्मान काढलं. एकवीस दिवस या घरात वाईट बातमी येणार नाही. सतरा वर्षांच्या लेकीनं, शार्वीनं, विचारलं, "म्हणजे मी नक्की काय करायचं?" वैजयंता म्हणाली, "हसायचं. न्हाई जमलं तर परसात जाऊन बसायचं."

फर्मान तसं गमतीचंच होतं, पण घरात कुणी हसलं नाही. पुढची वीस वर्षं या घरात चूल कशी पेटणार, ते त्या पट्टीवर ठरायचं होतं.

सयाजी चोवीस वर्षं साखर कारखान्यात पॅनमन होता. पॅन म्हणजे दोन मजली उंचीचं बंद भांडं. त्यात उसाचा रस आटवायचा आणि साखरेचा दाणा धरवायचा. दाणा धरला की नाही ते सांगणारी यंत्रं पुष्कळ आली नि गेली. शेवटी सयाजीच काचेवर थेंबभर पाक घ्यायचा, अंगठ्यानं चोळायचा आणि म्हणायचा, "अजून चार मिनिटं." मोठमोठे केमिस्ट घड्याळ बघत उभे राहायचे. चार म्हणजे चारच.

मग मधुरीन आलं. आफ्रिकेतल्या एका रानवेलीच्या फळात साखरेपेक्षा हजारपट गोड असं एक प्रथिन असतं, हे शास्त्रज्ञांना पूर्वीपासून ठाऊक होतं. जिभेवर गोडाचं कुलूप असतं म्हणा. साखर ही त्याची एक किल्ली, हे प्रथिन दुसरी. अडचण अशी की ती किल्ली आत अडकून राहायची आणि तोंडातली गोड चव तासभर जायची नाही. कुणीतरी त्या प्रथिनाची घडण जराशी बदलली, ती कृती यीस्टच्या जनुकांत बसवली आणि यीस्ट टाक्यांमधून वाढवलं. ट्रकभर साखरेचं काम बादलीभर मधुरीनमध्ये होऊ लागलं. थंड पेयवाले आधी तिकडं वळले, मागोमाग बिस्किटवाले, मग मिठाईवालेही गेले. तिसऱ्या हंगामात सयाजीच्या कारखान्याचा भोंगा वाजला नाही. जिल्ह्यातले बाकीचे कारखानेही एकामागून एक थंडावले, आणि ज्या भागात लग्न ठरवताना मुलगा कारखान्यात आहे एवढं सांगितलं की पुरे व्हायचं, तिथं तोच शब्द लोक खालच्या आवाजात सांगू लागले.

पहिला महिनाभर सयाजी सवयीनं डबा घेऊन कारखान्याच्या फाटकापर्यंत जाऊन येत होता. मग त्यानं कोल्हापूरच्या एका गोदामात माल निवडायचं काम धरलं. बाराव्या दिवशी तिथल्या पडद्यावर त्याच्या नावापुढं शेरा आला, हात संथ. तो घरी आला तेव्हा वैजयंतानं काही विचारलं नाही, ताट वाढलं. त्याला ते बरं वाटलं. विचारलं असतं तर काय सांगितलं असतं?

आता सरकारनं पुनर्प्रशिक्षण केंद्र काढलं होतं. मधुरीनच्या टाक्या सांभाळायचं वर्षभराचं शिक्षण आणि पुढं तिथंच नोकरी. सयाजी चिडून म्हणाला, "ज्यानं आमचं ताट पळवलं, त्याच्याच पंगतीला बसू?" वैजयंता म्हणाली, "पंगत तरी हाय. बसा." जागा चारशे होत्या, अर्ज नऊ हजार. कुणाला घ्यायचं ते सावरांकावर ठरणार होतं.

सावरांक म्हणजे माणूस धक्क्यातून किती लवकर सावरतो त्याचा आकडा. पट्टीखाली केसाहून बारीक सुया होत्या. माणूस घाबरला, संतापला, हादरला की त्याच्या रक्तात कॉर्टिसॉल नावाचं द्रव्य चढतं. ते कातडीखालच्या पाण्यातही उतरतं आणि सुया ते मोजतात. शिवाय काळजाच्या दोन ठोक्यांमधलं अंतरही. ज्यांचा अंक चांगला ते नव्या धंद्यात टिकतात, खराब असलेले दोन वर्षांत सोडून देतात, असं हजारो लोकांवर पाहून सिद्ध झालं होतं. केंद्रातल्या डॉक्टर रूथ सातपुते यांनी पहिल्या दिवशी तीनशे माणसांच्या सभागृहात हे सगळं नीट समजावून सांगितलं होतं. पण तीनशे माणसं एकमेकांच्या दंडांकडे बघत होती. त्यांच्या ध्यानात एवढंच राहिलं की फोनवर एक रेघ दिसते आणि घाबरलं की ती वर जाते.

"रेघ सरळ ठेवायची बघ, सयाजी," परतीच्या गाडीत पिरगोंडा म्हणाला. पिरगोंडा पाटील हा कारखान्यातला त्याचा जोडीदार, बॉयलरवरचा. "माझ्या भावाला म्हटलंय, म्हस मेली तरी मला एकवीस दिसांनी सांग."

हे सगळ्या गावाला पटलं, कारण ते गावाच्या रक्तातच होतं. आपल्याकडं माणूस गेला तरी फोनवर कोण सांगतं? "तब्येत जरा जास्त आहे, निघून या," एवढंच सांगायचं. ऐकणाऱ्यालाही कळतं, सांगणाऱ्यालाही कळलेलं असतं, तरी रीत म्हणजे रीत. त्या रीतीला आता सरकारी काम मिळालं. गावात पट्टीवाले एकोणीस होते. त्यांच्या दारावरून जाताना लोक भांडण थांबवत. कुणाच्या घरी टीव्ही लागेना. किराणा दुकानदार उधारीचं नाव काढेना, हे तर त्या गावात अघटितच होतं. जो तो पट्टीवाल्याकडे बघून दात काढायचा.

पहिले चार दिवस सयाजीला मजा वाटली. पाचव्या दिवशी त्याच्या लक्षात आलं की आपण खोलीत गेलो की बोलणं थांबतं.

आठव्या दिवशी रविवार होता. रविवारी सकाळी त्याच्या आक्काचा फोन यायचा, गेली पंधरा वर्षं न चुकता. मालनआक्का गडहिंग्लजला, मुलाकडं असायची. सयाजी चार वर्षांचा असताना आई गेली, तेव्हा तेरा वर्षांच्या आक्कानं त्याला कडेवर घेतलं ते तिचं लग्न होईपर्यंत खाली ठेवलं नाही. तिचा फोन आला नाही.

"आक्काचा फोन?" त्यानं विचारलं.

"रेंज नसंल," वैजयंता म्हणाली आणि हसली.

तो स्वतः फोन लावायला गेला तर त्याचा भाचा, म्हणजे आक्काचा मुलगा प्रथमेश, लगबगीनं म्हणाला, "आई देवळात गेलीय, मामा. सांगतो आल्यावर." आक्का देवळात जायची नाही असं नाही. पण प्रथमेशच्या मागून कुठलंतरी यंत्र टिक टिक वाजत होतं. सयाजीनं फोन ठेवला. रेघ बघितली. ती सरळच होती, पण पहिल्या दिवशी होती त्याहून बोटभर वर. त्याला वाटलं, फोन हलला असेल.

त्यानंतरचे दिवस फार वाईट गेले. काय झालं म्हणून विचारावं तर काहीच झालं नव्हतं. जेवण वेळेवर येत होतं, तेही त्याच्या आवडीचं. शार्वी दोन वेळा त्याच्याजवळ येऊन बसली आणि काही न बोलता उठून गेली. वैजयंता एके दिवशी बचत गटाची मीटिंग म्हणून सकाळी गेली ती चार वाजता आली. त्यानं विचारलं, "मीटिंगला काय झालं?" ती म्हणाली, "काय न्हाई, नेहमीचंच." तिनं पोहे केले. पोह्यांत मीठ नव्हतं. त्यानं मुकाट्यानं खाल्ले, कारण हे सांगितलं तर तिला वाईट वाटेल, तिला वाईट वाटलं तर आपल्याला, आणि मग रेघ. दिवसातून पन्नास वेळा तो फोन काढून बघत होता. परसातला पाचोळा वाजला तरी तो उठून बघायला जायचा. घरात एवढी शांतता होती, तरी सयाजीला त्यात नीट श्वास घेता येत नव्हता.

पंधराव्या दिवशी केंद्रात मधली तपासणी होती. डॉक्टर सातपुते पस्तिशीच्या, चष्मा कपाळावर चढवून बोलणाऱ्या. त्यांनी सयाजीची पंधरा दिवसांची रेघ पडद्यावर लावली आणि पुढं-मागं सरकवून बघितली.

"चौगुले, तुमच्या घरी काही होतच नाही का?"

"न्हाई मॅडम," सयाजी अभिमानानं म्हणाला. "पूर्ण शांत ठेवलंय घर."

"अरे देवा. तुम्हीपण?" त्यांनी चष्मा खाली ओढला. "सकाळपासून तुम्ही अकरावे. असं बघा, कणीक मळली आहे, ती नीट मळली का हे कसं बघतात?"

"बोट दाबून."

"दाबलं की खड्डा पडतो. नीट मळलेली असेल तर तो भरून येतो. मी खड्डा किती खोल पडला ते मोजत नाही, भरून किती वेळात आला ते मोजते. तुम्ही बोटच लावू दिलं नाही, तर मी मोजू काय? धक्का नाही, तर सावरणं नाही. सावरणं नाही, तर अंक नाही. अंक नसलेले यादीत सगळ्यात खाली जातात."

पंधरा दिवस वाया. उरले सहा.

"पण मला त्याचं एवढं नाही," डॉक्टर पुढं म्हणाल्या. त्यांनी पडद्यावर बोट फिरवलं. "इथं बघा. पाचव्या-सहाव्या दिवसापासून रेघ चढली आहे. थोडीच, पण ती खाली आलेलीच नाही. झोपेतसुद्धा. घाबरलेल्या माणसाची रेघ टोकदार असते. ही तशी नाही. तुमचं शरीर दहा दिवस कशाची तरी वाट बघतंय, चौगुले. कशाची?"

उत्तर सयाजीला ठाऊक होतं.

तो घरी पोचला तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. वैजयंता आणि शार्वी अंगणात मिरच्या निवडत होत्या. चप्पल न काढताच त्यानं विचारलं, "आक्काला काय झालंय?"

"कुठं काय? रेंज—"

"वैजे. गडहिंग्लजात रेंज न्हाई? दोन रविवार?"

वैजयंतानं हातातली मिरची खाली ठेवली. "जित्ती हाय," ती आधी म्हणाली. मग, "लकवा मारलाय. उजवं अंग गेलंय. नऊ दिस झालं. दवाखान्यात हाय."

आणि त्या क्षणी सयाजीनं जे केलं ते पुढं त्याला कधीच विसरता आलं नाही. त्यानं खिशातून फोन काढला आणि रेघ बघितली.

रेघ सरळ वर निघाली होती. चांगला टोकदार, डॉक्टरांना हवा तसा धक्का. आता ती खाली कधी येते एवढंच बघायचं, हा विचार त्याच्या डोक्यात आक्काच्या आधी आला. मान वर केली तर वैजयंताही वाकून त्याच्या हातातल्या फोनकडे बघत होती. शार्वी दोघांकडे आळीपाळीनं बघत होती.

"पप्पा?" ती म्हणाली. एवढंच.

सयाजीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानं फोन बंद केला. दोघी तिखटाच्या हातांनीच उठल्या आणि तिघंही पाच मिनिटांत घराबाहेर पडली.

गडहिंग्लजच्या दवाखान्याच्या दारात प्रथमेश उभा होता. "मामा, रागावू नका. आईनंच सांगितलं हुतं. बोलता येत नव्हतं तर हातानं खूण केली, सयाला सांगू नका, त्याची परीक्षा हाय." मग त्याला वाटलं आणखी काहीतरी बोलावं, म्हणून तो म्हणाला, "मामी दोनदा येऊन गेल्या की. आईची वेणी घालून गेल्या."

सयाजीनं बायकोकडे बघितलं. ती स्वतःच्या चपलांकडे बघत होती.

आक्काचा चेहरा एका बाजूला उतरला होता. आतली आक्का मात्र तीच. एकोणतिसाव्या वर्षी विधवा झालेली, आधी बांगड्यांची टोपली घेऊन दारोदार फिरलेली, ते बंद पडल्यावर शिवणकाम केलेली, तयार कपड्यांनी ते खाल्ल्यावर शाळेत खिचडी रांधलेली. धंदा बदलताना तिच्या दंडाला कुणी काही चिकटवलं नव्हतं.

"आला-स," ती म्हणाली. एकेक शब्द ओढून आणावा लागत होता.

"आलो, आक्का. मला कुणी सांगितलंच न्हाई."

"मीच... नको म्हनलं." ती थांबली. डाव्या डोळ्यातून पाणी आलं. "तरी... दाराकडंच बघत हुते."

सयाजी तिच्या उशाशी बसला आणि लहान पोरासारखा रडला. आक्का डाव्या हातानं त्याचा दंड चाचपत होती. तिच्या बोटांना पट्टी लागली.

"ह्ये?"

त्यानं सांगितलं. काही लपवायचं नाही असं ठरवून सगळं सांगितलं. बातमी ऐकल्यावर आपण आधी फोन बघितला, हेही सांगितलं. आक्का ऐकत राहिली. मग तिच्या तोंडाची चांगली बाजू हलली. ती हसत होती.

"म्हंजी... माज्यावर... मार्क पडनार तुला?"

"आक्का, असं नको बोलू."

"घे की मग," ती म्हणाली. "चांगलं घे."

सयाजी घरी परतला नाही. शार्वीला कॉलेज होतं म्हणून वैजयंता तिला घेऊन गेली, पण रोज येऊन जायची. तो आक्काला पेज भरवायचा. ती डाव्या हातानंच खाणार म्हणायची, अर्धी पेज अंगावर सांडायची, आणि मग त्यालाच शिव्या द्यायची, त्याही ओढून ओढून. त्या चार दिवसांत त्यानं रेघ एकदाही बघितली नाही. काळजी होती, पण ती काळजी आता त्याच्या हाताखाली होती. तिला पाणी लागत होतं, औषध लागत होतं, कूस बदलून द्यावी लागत होती.

पिरगोंडाला मात्र त्यानं दवाखान्यातून फोन करून, धक्का बसल्याशिवाय अंक नाही, हे डॉक्टरांचं म्हणणं सांगितलं होतं, आणि गावात उलटं सुरू झालं. जे लोक श्वास रोखून होते ते आता पट्टीवाल्यांना धक्के द्यायला धावू लागले. "साप! साप!" म्हणून बायका ओरडायच्या. पण आपणच सांगून ठेवलेल्या सापाला कुठलं काळीज घाबरतं? रेघ ढिम्म हलेना. पिरगोंडाच्या बायकोनं तिसऱ्यांदा साप म्हटल्यावर तो म्हणाला, "नीट ओरड की, जीव न्हाई त्यात." त्यावरून दोघांचं असं खरंखुरं भांडण जुंपलं की चार घरं मध्ये पडली. त्याला त्यात छान धक्का बसला आणि संध्याकाळी बायकोनं चहा दिल्यावर तो छान सावरलाही.

एकोणिसाव्या दिवशी सकाळी नऊच्या सुमाराला सयाजी पेज निववत होता. आक्कानं त्याला हाक मारली, निदान त्याला तसं वाटलं. तो वळला तेव्हा तिची मान कलली होती. डॉक्टर आले, नर्स आल्या, पडदा ओढला गेला. दहा मिनिटांनी पडदा उघडला तेव्हा आक्का नव्हती.

प्रथमेश भिंतीला टेकून खाली बसला. म्हणून मग उठावं लागलं ते सयाजीला. त्यानं आक्काचे डोळे मिटले. तिच्या हनुवटीवर पेज लागली होती, ती ओल्या फडक्यानं पुसली. कागदांवर सह्या केल्या, गाडी सांगितली, पाव्हण्यांना फोन लावायला बसला. पहिल्याच फोनला त्याच्या तोंडून सवयीनं आलं, "आक्काची तब्येत जरा जास्त हाय..." आणि तो थांबला. पलीकडे थोरली मावशी "काय? काय?" म्हणत होती. "मावशी," तो म्हणाला, "आक्का गेली. आत्ताच. मी हुतो जवळ." मावशीनं हंबरडा फोडला. त्यानं तो पुरता ऐकून घेतला आणि मग पुढचा फोन लावला.

एकविसाव्या दिवशी जायचं की नाही यावर त्यानं बराच विचार केला. वैजयंता म्हणाली, "आक्कांनी एवढं सोसलं ते कशासाठी?" म्हणून गेला. तीही बरोबर आली. तिला बाहेरच्या बाकावर बसवून तो आत गेला. मुंडण केलेलं डोकं बघून डॉक्टर सातपुते उभ्या राहिल्या.

"मला रेघेवरून वाटलंच होतं," त्या म्हणाल्या. "कोण?"

"थोरली बहीण. आई म्हटली तरी चालंल."

त्यांनी पट्टी सोलून काढली. आकडे भरायला दोन मिनिटं लागली. त्या दोन मिनिटांत सयाजी अंगठा बोटावर चोळत राहिला. चोवीस वर्षं अंगठ्याखाली जे कळत होतं ते आता पडद्यावर कुणीतरी दुसरंच त्याला सांगणार होतं.

"एकाहत्तर," डॉक्टर म्हणाल्या. "पासष्टच्या वर सगळे आत. तुम्हाला जागा मिळाली, चौगुले."

सयाजी खुर्चीतून उठू लागला.

"पण एक गोष्ट सांगणं माझं काम आहे. तुमचे दोन धक्के. पहिला पंधराव्या दिवशी, सावरायला साडेसात तास. दुसरा एकोणिसाव्या दिवशी, सावरायला बावन्न मिनिटं. जवळच्या माणसाच्या मृत्यूचा प्रसंग मोजणीतून वगळायला सांगायचा हक्क उमेदवाराला आहे. पुष्कळजण वगळतात. तुम्ही वगळला तर पहिला एकटाच उरतो, आणि अंक होतो अठ्ठेचाळीस."

म्हणजे जागा जाते. पण सयाजी तिथं पोचलाच नव्हता. तो आधीच्या वाक्यात अडकला होता.

"बावन्न मिनिटं?" तो म्हणाला. "आक्काचं दुःख मला बावन्न मिनिटं झालं?"

"तसं नाही—"

"मॅडम, कारखाना बंद पडला तेव्हा मी महिनाभर फाटकापर्यंत जात हुतो. तिनं मला वाढवलं. आन् बावन्न मिनिटांत?" त्याचा आवाज चढला. "पुसा ते. मशीन चुकलंय तुमचं."

डॉक्टरांनी त्याला बोलू दिलं. मग विचारलं, "त्या बावन्न मिनिटांत तुम्ही काय करत होता?"

त्यानं आठवलं. डोळे, हनुवटी, सह्या, गाडी, फोन. मावशीचा हंबरडा.

"काम," तो म्हणाला.

"रेघ खाली आली म्हणजे दुःख संपलं, असं हे यंत्र म्हणत नाही. पुढचं पाऊल उचलायला शरीर मोकळं झालं, एवढंच म्हणतं. त्यानंतर माणूस वर्षभर रडला तरी ते त्याला कळत नाही, आणि तो आमचा विषयही नाही." त्यांनी पडदा त्याच्याकडे वळवला. "तुम्हाला आक्कांच्या जाण्यानं जेवढं थकवलं नाही तेवढं त्या दहा दिवसांच्या वाट बघण्यानं थकवलं, एवढं मात्र मला रेघेवर स्पष्ट दिसतं. वगळू का?"

सयाजीला एकदा वाटलं, वगळा म्हणावं. जागा गेली तर गेली, निदान आक्काच्या नावापुढं कुणी मिनिटं लिहिणार नाही. मग त्याला तिचं ते अर्ध्या तोंडाचं हसू दिसलं.

"राहू दे," तो म्हणाला. "वगळलं तर ती वरनं उतरून मारंल मला."

त्यानं सही केली. सही नेहमीसारखीच आली.

केंद्राच्या समोरच बसथांबा होता. त्यांच्या गावावरून जाणारी गारगोटीची गाडी लागलेली होती. वैजयंता बाकावरून उठून उभी राहिली आणि त्याच्या तोंडाकडे बघू लागली.

"झालं," तो म्हणाला. "मिळाली जागा."

तिनं हात जोडले, डोळे मिटले, काहीतरी पुटपुटली. डोळे उघडल्यावर तिची नजर सवयीनं त्याच्या दंडाकडे गेली. तिथं आता फिकट चौकोन उरला होता. ती हसली, एकवीस दिवस हसत होती तशीच.

"चला, गाडी सुटंल," ती म्हणाली.

सयाजी हलला नाही. त्याला ते हसू प्रथमच नीट दिसलं.

"वैजू, तू दोनदा गेलतीस आक्काकडं."

"होय."

"पहिल्यांदा गेलीस तेव्हा कशी हुती ती?"

"जाऊ दे आता."

"सांग."

"ओळखलं न्हाई मला," वैजयंता म्हणाली. "अंथरूण भिजलं हुतं, कुणी बघितलं नव्हतं. मी बदललं. अंग पुसलं. मग ओळख पटली तशी हातानं खूण केली, सयाला सांगू नको. मी म्हनलं, न्हाई सांगत. मग तीनची गाडी धरली." ती भराभर बोलत होती, जणू दुसऱ्याच कुणाची हकीकत. "दाराशी आल्यावर पदरानं तोंड पुसलं आन् आत आले. तुमी इचारलं, मीटिंगला काय झालं. मी म्हनलं, नेहमीचंच. मग पोहे टाकले. मीठ घालायचं राहिलं वाटतं त्यात. तुमी काय बोललाच न्हाई, म्हनून मी पन—"

पुढचा शब्द निघाला नाही. तिचे ओठ हसायच्या बेतात तसेच राहिले आणि त्यांतून एक चमत्कारिक आवाज आला. ती मटकन बाकावर बसली. थांब्यावरची माणसं वळून बघू लागली. एकवीस दिवस तिच्या दंडाला काहीही लावलेलं नव्हतं, म्हणून तिची रेघ किती वर चढली आणि कुठं अडकली होती ते कुणालाच कळलेलं नव्हतं, त्यालाही नाही. ती तोंडावर पदर न घेता, भर रस्त्यात, मोठ्यानं रडत होती.

सयाजी तिच्या शेजारी बसला. गप्प हो म्हणाला नाही. लोक बघतायत असंही म्हणाला नाही. तिचा हात त्यानं आपल्या मांडीवर घेतला आणि तिला रडू दिलं.

कंडक्टरनं दोनदा हाक दिली. मग गारगोटीची गाडी भरली आणि सुटली. पुढची दीड तासानं होती.